एका फोटोत एकच रंग

मोहर्लीच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जितकी रिसॉर्टं आहेत, त्या सगळ्यांच्या काउंटरमागे एकच फोटो टांगलेला असतो. वाघ निरनिराळे असतील, पण फोटो एकच. बांबू राखाडी, पाणवठा राखाडी, गवत राखाडी, आणि मधोमध वाघ तेवढा नारिंगी. पुण्या-मुंबईचे पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून मान डोलावतात. मागच्या झाडीत पळस पेटलेला होता की कुसुमाची पालवी लाल झाली होती, हे त्यांनी सफारीच्या जिप्सीत बसूनही पाहिलेलं नसतं. तेव्हा ते राखाडी केलं तर त्यांचं काय बिघडतं? वाघ दिसला, जंगल संपलं.

या करामतीला सिलेक्टिव्ह कलर म्हणतात. कॉम्प्युटरला सांगायचं की हा एक रंग ठेव आणि बाकीच्यांचा जीव काढ. कॉम्प्युटर निमूट ऐकतो. मी वरोऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पोरांनी आकाश हिरवं रंगवलं तरी मी खपवून घेते, पण रंगपेटी उघडून एकच खडू वापरणारं पोर मला अजून भेटलेलं नाही. ती अक्कल मोठं झाल्यावरच येते.

वाघापुरतं होतं तोवर मी नाक मुरडून गप्प बसत असे. मग माझं लग्न झालं, आणि हेच प्रकरण आमच्या घरात शिरलं.

आमचं म्हणजे माझ्या माहेरचं घर माजरीकडच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत. सिलेक्टिव्ह कलर तिथे फुकटात होतं. सकाळी दोरीवर टाकलेला लाल टॉवेल संध्याकाळी काढावा तर कथ्थई झालेला. कडुलिंबाचं झाड हिरवं असतं, हे पावसाळ्यातच कळतं. बाबा याच खाणीत कामाला होते. ते आजारपणात गेले आणि त्यांच्या जागी आईला ऑफिसात नोकरी लागली. ती कामावर जायला लागली, पगार आणायला लागली, साहेबाला तोंडावर उत्तर द्यायला लागली. फक्त तिच्या साड्या बदलल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण हळूहळू सगळ्या बिस्कीट, राख आणि मातकट रंगाच्या झाल्या.

कोणी सांगितलं नव्हतं हे तितकंसं खरं नाही. शेजारच्या क्वार्टरमध्ये माझी मोठी आई राहते. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. माझे मोठे बाबा माझ्या जन्माच्याही आधी गेले, आणि तेव्हापासून ती पांढऱ्या साडीत आहे. बारीक काठाची पांढरी साडी, तीही कोळशाच्या खाणीजवळ! बाईचा अर्धा जन्म नीळ घालण्यात गेला. आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घरात सगळ्यांना तोंडपाठ, मोठ्या आईला तर झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवील. हे मानणार नाही, ते करणार नाही. विधवेनं कोणत्या रंगाची साडी नेसावी याबद्दल मात्र त्यात ओळ नाही. ती रिकामी जागा मोठ्या आईनं स्वतःहून भरून काढली होती.

लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही तिघी चंद्रपूरला गेलो. आमच्यात नवरी पांढरी नेसते, ती माझी साडी चटकन मिळाली. मग दुकानदारानं आईकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं, आणि कोणी काही मागायच्या आत खालच्या फळीवरचा गठ्ठा सोडला. 'मावशीसाठी सोबरमध्ये दाखवतो.' सोबर म्हणजे तेच, बिस्कीट, राख, मातकट. या माणसाच्या डोक्यातही सेटिंग तयारच होती.

आईनं त्या गठ्ठ्याला हातसुद्धा लावला नाही. वरच्या फळीकडे बोट करून म्हणाली, 'ते दाखवा.'

ती राणी कलरची होती. ज्यांना हा रंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लाल आणि जांभळ्याचं भांडण लागून दोघांपैकी कोणीच माघार घेतली नाही की राणी कलर होतो. दुकानदारानं साडी उलगडली आणि आईचे दोन्ही हात त्या रंगात बुडाले.

मोठी आई म्हणाली, 'हे काय वो? तुले शोभते का हे? लोकं काय म्हणतीन?'

आई दुकानदाराला म्हणाली, 'धुतल्यावर रंग जाते का?'

'अजिबात नाई मावशी. गॅरंटी.'

'बांधा मंग.'

एवढी साधी गोष्ट. पण मला दुकानातच नाचावंसं वाटलं. बाबा गेल्यानंतर आईनं स्वतःसाठी बोट करून मागितलेली ती पहिली वस्तू होती.

लग्नाच्या सकाळी मात्र मी तयार होऊन बाहेर आले तर आई बिस्कीट रंगाची साडी नेसून उभी. राणी कलरची घडी करून पुन्हा पिशवीत ठेवलेली. मोठी आई रात्री येऊन तासभर बसली होती म्हणे. काय बोलली ते आईनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मला ते पाठ होतं.

मी खुर्ची ओढून बसले. 'तू ते नेसत नाई तवरिक मी हॉलमध्ये येत नाई.'

'अवो, लोकं वाट पाहून राह्यले ना.'

'पाहू दे.'

नवरीनं रुसायचा मान माझा होता, तो मी तिथे पुरेपूर वसूल केला. आई आत गेली आणि राणी कलरमध्ये बाहेर आली. हॉलमध्ये शिरताना तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून असा घट्ट घेतला होता की जणू साडीच चोरीची. पण वंदना झाली, पंचशील झालं, हार घातले गेले, पाकळ्या उडाल्या, आणि फोटोसाठी उभं राहायची वेळ आली तेव्हा तिचा पदर सुटलेला होता आणि ती हसत होती. मी ते पाहिलं. मला वाटलं, आता हे अल्बममध्ये गेलं, म्हणजे कोणी काही म्हणालं तरी हिच्याकडे पुरावा राहील.

फोटोवाला सासरच्यांनी ठरवलेला होता. ठरवलेला म्हणजे माझ्या दिरानं. हा दीर मोबाईलवर रोज एक वाघ टाकणाऱ्यांपैकी. त्यानं अल्बमसाठी सिलेक्टिव्ह कलरचं पॅकेज घेतलं होतं आणि ते त्यानं मला भेट असल्यासारखं सांगितलं. 'वहिनी, एकदम क्लास वाटते. एका फोटोत एकच रंग.' नव्या घरात पहिल्याच आठवड्यात तोंड कुठे उघडायचं, म्हणून मी हो म्हणाले.

छापायला टाकण्याआधी फोटोवाल्यानं अल्बम मोबाईलवर पाठवला. मी माहेरी होते. आई, मोठी आई आणि मी, तिघींनी पलंगावर बसून तो पाहिला.

एकच रंग होता खरा. निळा. झेंडे निळे. हॉलबाहेरचा पाण्याचा ड्रम निळा. ताडपत्री निळी, मामेसासऱ्यांचा कोट निळा. स्टेजवरच्या पंचरंगी ध्वजाचा निळा पट्टा शिल्लक, पांढरा होता तसाच, बाकीचे तीन गेलेले. मी आणि माझा नवरा पांढऱ्याच कपड्यांत होतो, त्यामुळे कपडे वाचले, पण तोंडं राखेत लोळून आल्यासारखी. आणि स्टेजच्या डाव्या बाजूला माझी आई, राखाडी साडीत. फोटोवाल्यानं सगळं अजून उजळ केलं होतं, त्यामुळे ती साडी जवळजवळ पांढरीच दिसत होती. पदर सुटलेला, तोंडावर हसू, आणि अंगावर तेच, जे तिनं त्या दिवशी काढून ठेवलं होतं.

मोठी आई म्हणाली, 'आता कशी घरंदाज दिसते! मी तं तवाच म्हटलं होतं.'

आईनं मोबाईल हातभर लांब धरून पाहिला. मग माझ्याकडे दिला. 'बरं झालं. आता कोणी काई म्हणणार नाई.'

ती चिडली असती, रडली असती, तर मला चाललं असतं. ती सुटल्यासारखी बोलली याचा मला संताप आला. एका दिवसासाठी बाहेर आलेली बाई, तिला कुठल्यातरी दुकानात बसलेल्या माणसानं एका क्लिकमध्ये पुन्हा आत ढकललं होतं, आणि ती त्याचे आभार मानत होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या स्टुडिओत जाऊन उभी राहिले.

स्टुडिओच्या भिंतीवर अर्थातच वाघ होता. त्याच्याखाली फोटोवाला भाऊ पान चघळत कॉम्प्युटरसमोर बसला होता. मला ओळखल्यावर त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि विचारलं, 'कसा वाटला, ताई? झक्कास आहे ना?'

'निळा काऊन ठेवला, भाऊ?'

'आता काय सांगू ताई तुमाले. पयले मी लग्नाची सेटिंग लावली होती. लाल. सगळ्यायच्या लग्नात लालच राह्यते. नवरी लाल, बाकी सगळं ग्रे. पण तुमचं पाहा ना काय झालं.'

त्यानं फोटो उघडून दाखवला. मी राखाडी, नवरा राखाडी, पाहुणे राखाडी. आणि स्टेजच्या मागे, आचाऱ्यानं आडोशाला ठेवलेलं गॅसचं सिलिंडर, लालभडक. ते दर फोटोत होतं. आम्ही हार घालतोय, मागे सिलिंडर. आम्ही आशीर्वाद घेतोय, मागे सिलिंडर. लग्न त्याचंच होतं आणि आम्ही दोघं सोबतीला उभे होतो. आईची साडी त्यात ना धड लाल, ना धड राखाडी, विटल्यासारखी झाली होती.

मला हसू आलं. आल्या कामाचा विसर पडेल इतकं आलं. फोटोवालाही हसला आणि म्हणाला, 'मंग मी तुमच्या लोकाईची सेटिंग लावली.'

माझं हसू थांबलं. 'आमच्या लोकाईची कोणती?'

'निळी ना. आडनाव पाहूनच लावतो आपण. विचाराची गरजच नाई पडत. मुसलमानाईचं राह्यलं तं हिरवी लावतो.'

हे त्यानं इतक्या गोड तोंडानं सांगितलं की त्याला वाईट म्हणावं तरी कसं? माणूस दुष्ट नव्हता. त्याला फक्त लोक आधीच रंगवून ठेवलेले बरे वाटत होते. लग्नाला आलेल्या शंभर माणसांतून त्याला झेंडा दिसला, ड्रम दिसला, ताडपत्री दिसली. आईचं हसू काही दिसलं नाही, कारण ते आडनावात नव्हतं.

'भाऊ, सगळेच रंग ठेवा.'

तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी त्याला दुकान बंद करायला सांगितलं. 'मंग एडिटिंग कायची, ताई? कॅमेऱ्यातून निंगला तसाच फोटो द्याचा तं मी कायले पायजे? आन तुमच्या दिरानं पॅकेज घेतलं आहे. एका फोटोत एकच रंग. ते मले फोन करून सतरांदा सांगून राह्यले.'

'एकच पायजे ना?'

'एकच.'

'मंग हा ठेवा.' मी स्क्रीनवर बोट ठेवलं. आईच्या साडीवर.

त्यानं बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'हा? हा तं लाल बी नाई.'

'नाईच आहे. लाल आणि जांभळ्याच्या मधात पाहा.' लग्नाचा फोटो असला तरी शेवटी मी चित्रकलेची बाई. तो माउस सरकवत राहिला, मी 'अजून थोडं' म्हणत राहिले. झेंडे विझले. ड्रम विझला. सिलिंडरही जागेवर राहून गप्प बसलं. आणि डाव्या बाजूला आई एकदम दिव्यासारखी लागली. आमच्या डोक्यावर उडवलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांतल्या काही तेवढ्या तिच्यासोबत राहिल्या.

फोटोवाल्याचा चहा तसाच राहिला. 'ताई, झेंडा ग्रे झाला. तुमचे लोकं मले दुकानात येऊन मारतीन.'

'नाई मारत. आमचे लोकं फोटोत पयले सोताले पाह्यतात, मंग झेंड्याले.'

'पण नवरी कोणती, हेच समजून नाई राह्यलं!'

'माह्या लग्नात मी होती, हे मले मालूम आहे भाऊ. ही होती, ते लोकाईले मालूम पडलं पायजे.'

त्यानं मान हलवली. बायकांच्या डोक्याचं काही खरं नाही, अशा अर्थानं ती हलली असावी. पण काम केलं. सगळ्या पानांवर केलं. ज्या फोटोंत आई नव्हती ते अख्खेच्या अख्खे राखाडी झाले, आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

नवा अल्बम मोबाईलवर पाहून दिराचा फोन त्याच दिवशी आला. 'वहिनी, फोकस कुठी आहे?'

'माह्या मायवर.'

पलीकडे वाघ गुरगुरला. मग माझ्या नवऱ्याचा आवाज आला, 'राहू दे ना बे,' आणि फोन बंद झाला. या माणसाशी लग्न केलं ते बरं केलं, असं मला त्या दिवशी प्रथम वाटलं.

अल्बम छापून आला तो मी आईच्या हातात दिला. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि पलंगावर मांडी घालून बसली. पहिलं पान उलटलं आणि थांबली. राखाडी माणसांच्या गर्दीत ती एकटी राणी कलरमध्ये उभी होती. पुढच्या पानावर पुन्हा. त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं काहीतरी मोठं बोलावं, अशी माझी फार इच्छा होती.

'ब्लाऊज थोडा ढिला शिवला त्यानं,' ती म्हणाली. मग पहिल्या पानावर परत गेली आणि सगळा अल्बम पुन्हा पाहिला. तेवढ्यात बाहेरून शेजारणीनं हाक मारली तर म्हणाली, 'थांब ना वो, काम आहे.' मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

मोठी आई संध्याकाळी आली. मी तिच्यासाठी तयार होते. लोक काय म्हणतील, याचं उत्तर मी बसमध्येच घोकून ठेवलं होतं. शोभतं का, याचं वेगळं होतं. घरंदाज या शब्दावर तर माझ्याकडे एक अख्खा परिच्छेद होता.

तिनं चष्मा लावला आणि बोट जिभेला लावून पानं उलटायला लागली. आईचे फोटो तिनं भराभर उलटले. एका पानावर आली आणि तिथेच राहिली. तो आमच्या घरच्यांचा फोटो होता. मधे आम्ही दोघं, डावीकडे आई, आणि आईच्या बाजूला मोठी आई स्वतः.

'याचा रंगाचा फोटो आहे का तुह्यापाशी?' तिनं मला विचारलं.

फोटोवाल्यानं मूळ फोटो मोबाईलवर दिले होते. मी तो काढून दिला. तिनं मोबाईल अल्बमच्या शेजारी ठेवला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिली. मोबाईलमध्ये झेंडे निळे होते, खुर्च्या पिवळ्या, माझ्या हातात हिरव्या बांगड्या, मागे मामेसासऱ्यांचा निळा कोट. अल्बममध्ये त्यातलं काहीच उरलं नव्हतं. सगळ्यांचं काही ना काही गेलं होतं. तिचं काहीच गेलं नव्हतं. पांढरी साडी, पांढरे केस, दोन्हीकडे एकच बाई.

'माह्यात तं काईच फरक नाई पडला वो,' ती म्हणाली.

ते ती मला म्हणाली की स्वतःलाच, ते समजलं नाही. इतकी वर्षं मी या बाईला नावं ठेवत होते, आणि तिच्यावर ही सेटिंग कोणी लावली, तेव्हा ती केवढी होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला तिची लाज वाटायची. आता मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी मोबाईल उचलून घेतला.

आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. मोठ्या आईनं कप घेतला नाही. अल्बममधल्या आईच्या साडीवरून तिनं एक बोट फिरवलं, आणि बोटाला काही लागलं का ते उजेडात धरून पाहिलं.

'धुतल्यावर जाते का वो हा रंग?' तिनं विचारलं.

'नाई जात, बाई,' आई म्हणाली. 'मी धुऊन पाह्यली.'